आवाज थांबला की

सगळ्यांना दिसलं, त्याला सोडून. सासूबाईंनाही दिसलं, हे मात्र जरा अतीच झालं. सासूबाई बहात्तर वर्षांच्या. दोन महिन्यांपूर्वी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि तेव्हापासून कुठल्या कपाटावर धूळ आहे, कुणाच्या शर्टाचं बटण लोंबतंय, समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर काय वाळत घातलंय, याची बित्तंबातमी त्या घरबसल्या देत असत. मचाणाच्या कठड्यावर कोपरं टेकवून त्यांनी सांगून टाकलं की दोन आहेत, एक मोठं आणि एक पिल्लू. बायको म्हणाली, हो, आणि पिल्लाच्या तोंडात मासा आहे. मुलीने दुर्बीण खाली घेतली आणि ती त्याच्याकडे बघत राहिली. तळ्याच्या काठाला लव्हाळी होती, लव्हाळीपुढे पाणी होतं आणि त्या पाण्यात पाणमांजर होतं म्हणे. त्याने बघितलं. पाण्याचा एक तुकडा दिसला, अगदी स्वच्छ, त्यावरून जाणारी वाऱ्याची बारीक सुरकुतीसुद्धा दिसली. मान जराशी वळवली तर शेजारचा तुकडा दिसला, मग त्याच्या शेजारचा. पाणमांजर दर वेळी भलत्याच तुकड्यात होतं. "दिसलं ना?" बायकोने विचारलं. तो म्हणाला, दिसलं की, मस्त आहे. म्हणाला आणि कठड्यापासून मागे सरकला, मोठं कुठल्या बाजूला आहे असं तिने विचारायच्या आत. तिने विचारलं नाही. विचारायचं कशाला, तो तिचा नवरा होता, शहरातल्या सगळ्यांत उंच क्रेनवर बसून दिवसभर खाली बघण्याचाच पगार घेणारा माणूस होता.

सहा आठवड्यांपूर्वी तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथे कुणी ओळखीचं भेटणार नाही अशा एका दवाखान्यात गेला होता. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याची हनुवटी एका यंत्रावर ठेवायला लावली, हातात बटण दिलं आणि ठिपका चमकला की दाबा म्हणून सांगितलं. तो एखाद्या हुशार विद्यार्थ्यासारखा बटण दाबत राहिला. आपल्याला छान जमतंय असंच त्याला वाटत होतं. नंतर बाईंनी कागद पुढे केला. कागदावर मधोमध एक पांढरं बेट होतं आणि भोवती सगळा काळोख. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत, डाव्यात जास्त. समोरचं शेवटपर्यंत चांगलं दिसतं, बाई म्हणाल्या, म्हणूनच माणसाला कळत नाही. कडा हळूहळू खाल्ल्या जातात. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते थेंब घालून राखता येईल. गाडी चालवायची नाही, उंचावरचं काम करायचं नाही. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं होतं, वडिलांना होता का? मुलं किती? त्यांचेही डोळे लवकर तपासून घ्या. घेतो, तो म्हणाला होता. थेंबांची बाटली त्याने क्रेनच्या केबिनमध्ये खुर्चीखाली ठेवली आणि घरात चकार शब्द काढला नाही. गाडीचं त्याने ऐकलं. बॅटरी बसलीय, बसने जाऊ, पार्किंगची कटकट नको, असं काहीबाही सांगून आज सगळ्यांना बसनेच तळ्यावर आणलं होतं. क्रेनचं मात्र ऐकलं नाही. रस्त्यावर कुणीही बाजूने आडवं येतं, वर हवेत कोण येतंय, असा हिशेब त्याने मनाशी करून टाकला होता. कंपनीचा डॉक्टर दर वर्षी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायचा आणि तो शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचून दाखवायचा. डॉक्टर पाठ थोपटायचा. खोटं कुठे बोलला होता तो? कुणी विचारलंच नव्हतं.

शिवाय पोपट होता. पोपट म्हणजे खालचा इशारेवाला, पन्नाशीचा, वॉकीटॉकीवर दिवसभर बोलणारा, म्हणून पोपट. इमारतीच्या पलीकडे, जिथे क्रेनवाल्याला काहीच दिसत नाही, तिथे माल उतरवायचा तर पोपटाच्या आवाजावर उतरवायचा. दादा, डावीकडे, डावीकडे, डावीकडे, हळू, हळू, अजून हातभर, अजून. तो आवाज असा अखंड चालू ठेवायचा असतो, आणि या धंद्यातला पहिला नियम हाच की आवाज थांबला की हात थांबवायचा. काय झालं, का झालं, नंतर बघू, आधी थांबायचं. गेल्या गुरुवारी पोपटाचा आवाज थांबला. "दादा, डावीक—" आणि मग नुसती खरखर. त्या वेळी माल आडोशाला नव्हता, खालची जागा त्याला दिसत होती. भिंतीचा तीन टनांचा तयार तुकडा साखळीला लटकत होता, त्याखालचा मोकळा चौथरा लख्ख दिसत होता आणि चौथऱ्यावर काळं कुत्रंसुद्धा नव्हतं. म्हणून तो थांबला नाही. दोन हात, फार तर अडीच हात त्याने तुकडा पुढे नेला. मग खालून बोंबाबोंब ऐकू आली, चाळीस मजले वर. गिलावा करणारा एक माणूस चौथऱ्याच्या डाव्या कडेला पाठमोरा उकिडवा बसला होता आणि भिंतीची कड त्याच्या शिरस्त्राणावर घासून गेली होती. शिरस्त्राण गडगडत गेलं, माणूस बसल्या जागी बसून राहिला. वॉकीटॉकीची बॅटरी संपली होती. चौकशीत साहेबांनी विचारलं, बॅटरी तपासायचं काम कुणाचं, आणि पोपट खाली मान घालून म्हणाला, माझं. पोपटाला लेखी ताकीद मिळाली. आवाज थांबल्यावर हात का थांबला नाही, हे कुणी विचारलं नाही. पोपटाला ते माहीत असणार, तीस वर्षांचा अनुभव आहे, पण संध्याकाळी फाटकापाशी त्याने एवढंच विचारलं, "दादा, तब्येत बरी आहे ना?" सोमवारी पुन्हा तसेच सोळा तुकडे चढवायचे होते. आज शनिवार होता.

मचाणावरून उतरताना त्याने पायऱ्या मोजल्या, वीस. पायऱ्या मोजायची सवय त्याला कधी लागली ते त्याचं त्यालाच आठवत नव्हतं. खाली तळ्याच्या कडेने लाकडी फळ्यांची वाट गेली होती, एका बाजूला पाणी आणि एका बाजूला जाळीपलीकडची हरणं. लोक मुलांना खांद्यावर घेऊन हिंडत होते, कुणी फोटो काढत होतं, आणि दर चार पावलांवर कुणीतरी त्याच्या नजरेत एकदम, कुठूनही न येता, हजर होत होतं. समोरून माणूस येताना दिसतो, मोठा होत जातो आणि मग येऊन पोचतो, अशी जगाची रीत असते. त्याच्यासाठी ती रीत केव्हाच मोडली होती. माणसं नसायची आणि मग असायची. एका बाईची पिशवी त्याच्या डाव्या हातावर आपटली. त्यानेच माफी मागितली. सासूबाई म्हणाल्या, जावईबापूंचं लक्ष वर आभाळात, जमिनीवर चालायचं विसरले ते. बायको हसली, तोही हसला, आणि हसता हसता त्याला वडिलांचं हसणं आठवलं. वडीलही असेच हसायचे, दुसऱ्यांनी सुरुवात केल्यावर, जरा उशिरा.

वडील टपाल कचेरीत पत्रांची वाटणी करायचे. समोर खणांची मोठी चौकट, एकेका खणावर एकेका भागाचं नाव, आणि पत्रं अचूक त्या त्या खणात. हात इतका बसलेला की न बघता टाकायचे, असं ते स्वतःच सांगत. पुढे कडेच्या खणांतली पत्रं चुकायला लागली, तेव्हा त्यांना शिक्के मारायला बसवलं. घरात त्यांचं नाव धडपड्या. दाराच्या चौकटीला खांदा, टेबलाला मांडी, पाण्याचा पेला तर दिवसाला एक ठरलेला. आई पेला ताटाच्या मधोमध ठेवू लागली, खुर्च्या भिंतीला लावून ठेवू लागली. कुणी काही ठरवून केलं नाही, घर आपोआप त्यांच्या भोवती आवळत गेलं. आणि तो, दहा-अकरा वर्षांचा, वडील पेपर वाचत बसले की चोरपावलांनी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहायचा, कानापाशी वाकून तोंड वेडंवाकडं करायचा, जीभ काढायचा. वडिलांना पत्ता नसायचा. पलीकडे धाकटी बहीण तोंडात फ्रॉकचं टोक कोंबून हसायची. केवढी मजा होती ती. वडील कधी डॉक्टरकडे गेले नाहीत. गेले असते तर त्याला पंचविसाव्या वर्षीच कळलं असतं, आणि पंचविसाव्या वर्षी थेंब घातले असते तर आज पाणमांजर दिसलं असतं. वडिलांचा त्याला राग आला. माणसाने एवढं गप्प राहावं? पुढच्याच पावलाला तो राग उलटा फिरून त्याच्याच अंगावर आला, कारण मुलीच्या तपासणीची गोष्ट तोसुद्धा सहा आठवडे पोटात घेऊन हिंडत होता. तिला तपासायला न्यायचं तर का ते बायकोला सांगावं लागलं असतं, आणि ते सांगितलं की केबिन गेली, पगार गेला, आणि बाकीचं बरंच काही गेलं ज्याचं नावसुद्धा त्याला घ्यायचं नव्हतं.

सासूबाईंना स्वच्छतागृहात जायचं होतं आणि ते फाटकापाशी होतं, म्हणून बायको त्यांना घेऊन मागे वळली. हिच्याकडे बघ रे, ती सहज म्हणाली, पुढे वाटेचं काम चाललंय. काम म्हणजे एके ठिकाणी कठडा बदलायला काढला होता आणि तिथे दोन खांबांना नुसती दोरी बांधली होती. खाली पाणी हिरवंकाळं होतं. मुलगी लाल स्वेटरमध्ये त्याच्या डावीकडून चालत होती आणि बोलत होती. पाणमांजर श्वास कसा रोखून धरतं, समुद्रातली पाणमांजरं झोपताना एकमेकांचे हात कसे धरून ठेवतात म्हणजे प्रवाहात वाहून जात नाहीत, हे तिला शाळेत कळलं होतं. त्याला ती दिसत नव्हती पण तिचा आवाज त्याच्या कोपराजवळ अखंड चालू होता आणि त्या आवाजाच्या भरवशावर तो निवांत चालला होता, कित्येक दिवसांत पहिल्यांदा निवांत. मग आवाज थांबला. वाक्य अर्धवट राहिलं आणि पुढे काहीच आलं नाही. तो जागच्या जागी थिजला, पाय, हात, सगळं. या वेळी थांबला. कान टवकारले. लांबवर कुणाचं तरी बाळ रडत होतं, जवळ पाणी फळ्यांखाली चुळूक चुळूक करत होतं. त्याने तिला हाक मारली. डावीकडे मान वळवली तर दोरी दिसली, दोरीमागे पाणी, पाण्यावर एक गोल तरंग मोठा होत होता. मासा असेल. मासाच असेल. त्याने पुन्हा हाक मारली, या वेळी आवाज त्याचा नव्हता, कुठल्या तरी म्हाताऱ्याचा होता. मागे बघितलं, पुढे बघितलं, पाण्याचे तुकडे एकामागून एक तपासले, लाल स्वेटर, लाल काहीतरी, आणि त्याच्या तुकड्यांत लाल कुठेच नव्हतं. बुडणारं मूल ओरडत नाही हे त्याने कुठेतरी ऐकलं होतं. छातीत ठोके इतके मोठे पडत होते की त्यांच्याखाली बाकीचं ऐकू येईना. आपण पोहत जायचं कुठे, कुठल्या तुकड्यात? त्याने दोरीकडे झेप घ्यायला डावा पाय उचलला आणि गुडघा कशाला तरी मऊशार, जिवंत वस्तूला जोरात लागला. दोरी करकरली. त्याची पँट खाली ओढली गेली, कुणीतरी ती दोन्ही मुठींनी घट्ट धरली होती.

मुलगी त्याच्या पायाशीच होती. खांबाजवळ उकिडवी बसली होती, आता मागे कलंडलेली, पाठ दोरीवर आणि टाचा फळीच्या अगदी काठावर. त्याने तिला दंडाला धरून वर ओढलं आणि इतकं घट्ट धरलं की तीच म्हणाली, दुखतंय. ती रडत नव्हती. तो खाली बसला, तिचा चेहरा आपल्या समोर, त्या पांढऱ्या बेटात आणला.

"मी इथेच होते," ती म्हणाली. "तू माझ्याकडे बघितलंस पण. दोनदा."

"मग बोलली का नाहीस?"

"मला बघायचं होतं." तिने नाक पुसलं. "बाबा, या बाजूने मी काही दिलं ना, की तू घेत नाहीस. त्या बाजूने दिलं की घेतोस. मी अकरा वेळा करून बघितलं. वही, पेन्सिल, चमचा. आजीला वाटतं तुझं लक्ष नसतं. पण तुला दिसतच नाही. हो ना?"

तिच्या चेहऱ्यावर खोडी काढल्याचा मागमूस नव्हता. तोंड वेडंवाकडं करून हसणारं ते पोर नव्हतं हे. ती घाबरलेली होती, आणि नुकतीच नव्हे, कितीतरी दिवसांपासून. डोळ्यांखाली ते दिसत होतं, आणि आपण ते जेवणाच्या टेबलावर रोज समोर बसून बघितलं नव्हतं, जे एवढं समोर होतं ते. तो म्हणाला, "थोडं कमी दिसतं." मग जे बोलायचं नव्हतं ते बोलला. "आईला सांगू नकोस." एवढे शब्द तोंडातून सुटले आणि मुलीने लगेच मान हलवली, एखादी जबाबदारीची वस्तू ओंजळीत घ्यावी तशी. बरं, म्हणाली. उठली, त्याला वळसा घालून पाण्याच्या आणि त्याच्या मधली जागा सोडून उजवीकडे आली आणि तिने त्याचा हात धरला.

बायको आणि सासूबाई आल्या तेव्हा दोघं हरणांच्या जाळीपाशी उभे होते. बायकोने विचारलं, त्रास नाही ना दिला हिने? मुलगी म्हणाली, छे, आम्ही हात सोडलाच नाही, बाबाने मला मासे दाखवले, एक एवढा मोठा होता. तिने हात पसरून दाखवला. किती सफाईने बोलली ती, डोळ्याचं पातं न लवू देता, आणि वर माशाचं खोटं स्वतःच्या पदरचं घातलं.  दोरीपाशी वाटली त्याहून ही भीती वेगळी होती, संथ, तळ नसलेली. एवढ्यात सासूबाईंनी झाडीत शिंगवालं मोठं हरण हेरलं. सगळ्या तिकडे वळल्या. अरे, ते बघ, बायको म्हणाली. तो बघू लागला. आणि त्याच्या उजव्या कानाशी मुलीचा आवाज आला, अगदी हळू, ओठ न हलवता बोलल्यासारखा. डावीकडे. डावीकडे. अजून. हळू. आता खाली. थांब. आणि हरण होतं. तपकिरी, ओल्या नाकाचं, कानावरची माशी झटकणारं, एकेक केस मोजता यावा इतकं स्पष्ट. "काय शिंगं आहेत," तो मोठ्याने म्हणाला, आणि बायकोने समाधानाने मान डोलावली. मुलीच्या बोटांनी त्याचा तळहात किंचित दाबला. जमलं, असं.

जमलं होतं. त्याला एकदम कळलं की हे असं वर्षानुवर्षं जमेल. ती शाळेतून येईल, पायऱ्यांवर, रस्त्यावर, पाहुण्यांत, लग्नसमारंभात त्याच्या उजव्या बाजूला उभी राहील आणि बोलत राहील, डावीकडे, हळू, थांब. मैत्रिणींकडे खेळायला जाणार नाही, कारण बाबा एकटा आहे. खोटं बोलेल, रोज थोडं जास्त चांगलं. तिच्या स्वतःच्या डोळ्यांच्या कडा कुरतडल्या जायला लागल्या तरी तिला कळणार नाही, कारण ती त्याच्यासाठी बघत असेल. आणि एक दिवस कंटाळून, किंवा शिंक येऊन, किंवा कुणी हाक मारली म्हणून, तिचा आवाज थांबेल, आणि मग जे होईल त्याची ताकीद तिला मिळेल. खाली मान घालून ती म्हणेल, माझं काम होतं ते.  हरण अजून तिथेच उभं होतं, माशी उडवत होतं.

त्याने बायकोला हाक मारली. तिने वळून न बघता काय रे म्हटलं. तो म्हणाला, इकडे बघ. त्या आवाजात काहीतरी असणार, कारण सासूबाईंनीही मान वळवली. मग तो बोलला. तोडकंमोडकं, उलटसुलट, आधी थेंबांचं आणि मग डॉक्टरीणबाईंचं. मला बाजूचं दिसत नाही. डावीकडचं तर मुळीच नाही. मघाचं पाणमांजर मला दिसलं नव्हतं. सोमवारी मी वर चढणार नाही, साहेबांना सांगणार आहे की गुरुवारी चूक बॅटरीची नव्हती, माझी होती, माणूस मरता मरता वाचला. आणि हिचे डोळे तपासायचेत, या आठवड्यातच, बाईंनी सहा आठवड्यांपूर्वीच सांगितलं होतं. बायको ऐकत होती. तिने फक्त एक प्रश्न विचारला.

"मघाशी ही तुझ्याजवळ होती तेव्हा काय झालं?"

मुलगी म्हणाली, काही नाही झालं, आई, आम्ही मासे बघत होतो. तो म्हणाला, "मला ती दिसत नव्हती. माझ्या पायाशी होती. माझा धक्का लागला तिला."

बायको ओरडली नाही. तो वाट बघत होता की ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने मुलीच्या स्वेटरच्या पाठीवरून हात फिरवला, तिथे दोरीचा हिरवट ओला पट्टा उमटला होता. तो पट्टा ती क्षणभर बघत राहिली. मग तिने मुलीची बोटं त्याच्या हातातून सोडवून घेतली, एकेक करून, कारण मुलगी सोडत नव्हती. हे होणार हे त्याला माहीत होतं. केबिनची भीती नव्हती त्याला, पगाराचीही नव्हती, सहा आठवडे तो याच एका गोष्टीला भीत होता, आणि आता ती झाली होती, भरदुपारी, हरणांसमोर. चला, बायको म्हणाली, कुणालाच न म्हटल्यासारखं, आणि मुलीला घेऊन फाटकाकडे चालू लागली. सासूबाई दोन पावलं त्याच्यापाशी घुटमळल्या, त्याची कॉलर सारखी केली आणि लेकीच्या मागे गेल्या.

मग तोही निघाला, एक हात जाळीला लावून. मुलगी आईच्या हाताला लटकून मागे वळून वळून बघत होती. जवळ असली की घरची माणसं त्याला कधी अख्खी दिसायची नाहीत. कुणाचा खांदा जायचा, कुणी एक जण पुरताच जायचा. आता तिघी पन्नास-साठ पावलं पुढे होत्या, फळ्यांच्या वाटेवर एका ओळीत, आणि दर पावलाला आणखी लांब जात होत्या. इतक्या लांबून त्या तिघी त्या बेटात मावत होत्या, कुणाचं काही कापलं न जाता. लाल स्वेटरवरचा तो ओला पट्टासुद्धा त्याला दिसत होता.